सहाव्यांदा पाण्यात

सहाव्यांदा पाण्यात पडले तेव्हा मी दादाला मनसोक्त शिव्या घातल्या. माझा हा मोठा भाऊ दहा हातांवर स्वतःच्या कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीत, ऐटीत बसून सूचना सोडत होता. "पालथी पड. पाय आत घाल. घाई नको."

सूचना मला पाठ होत्या. उलटलेली कयाक सरळ करायची, वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी बांधून त्याचा आडवा टेकू लावायचा आणि कयाकच्या मागच्या भागावर पालथं पडून वर सरपटायचं. खाडीच्या शांत पाण्यात तीन आठवडे मी हे रोज एका दमात करत होते. खवळलेल्या पाण्यात आज पहिल्यांदाच आलो होतो, आणि प्रत्येक लाट मला पोत्यासारखं पलीकडे फेकत होती. दंडांत जीव उरला नव्हता.

"काल तर जमलं होतं!" खारं पाणी थुंकत मी ओरडले.

दादाने नजर चुकवली. लहानपणी काच फोडल्यावर चुकवायचा, अगदी तशी.

"काल मी तुझ्या कयाकचं पुढचं टोक धरलं होतं," तो म्हणाला. "रोजच धरायचो. तुझा धीर सुटू नये म्हणून."

चढताना माझं तोंड मागे असायचं, त्यामुळे ते मला कधी दिसलंच नव्हतं. आणि घरी आईसमोर मी काय फुशारक्या मारल्या होत्या!

त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली, पण मी दोन्ही हातांनी कयाकला लटकले होते. त्याच्यामागून पुढची लाट उठताना दिसली.

"धर मग," मी म्हणाले.