सांडव्यावरची पोती

ताईच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून खडीची खाण दिसायची आणि खाणीपलीकडे नदी. मधे मातीचा बांध. भावजींनी त्या बांधाचा एक तुकडा मुद्दाम बुटका ठेवून त्यावर मोठे दगड बसवले होते. तो सांडवा. नदी चढली की पाणी तिथून सावकाश खाणीत उतरायचं, खाण भरायची आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचा रेटा सारखा झाला की बांध तगायचा. पुढे कित्येक आठवडे पंप लावून खाण उपसत बसायचं, काम बंद. लोक चेष्टा करत, नदीला आग्रहाने घरात घेणारा हा एकटाच. भावजी म्हणत, "ती येणारच आहे. निदान दारातून येऊ दे."

त्यांचा धाकटा भाऊ खाणीवर मुकादम होता. सदानकदा काहीतरी उचलून नेत असायचा, म्हणून त्याला सगळे मुंगळा म्हणत. आईवडिलांमागे भावजींनीच त्याला वाढवलेलं. त्या वर्षी भावजी पडले आणि मांडीचं हाड मोडलं, म्हणून मी ताईच्या मदतीला गेले होते. मुंगळा रोज मागच्या खोलीत त्यांच्या पलंगाशी येऊन त्यांची फिरकी घ्यायचा. जन्मभर कड्यांवरून हिंडलास दादा, आणि पडलास कुठे, तर घराच्या पायरीवर. भावजी हसायचे. तो गेला की छताकडे बघत पडून राहायचे. यंदा खाण बुडाली तर दादा खचेल, असं मुंगळा ताईला दोनदा म्हणाला होता.

पाऊस वर कुठेतरी लांब झाला. आमच्याकडे चक्क ऊन होतं, आणि नदी चढत होती. मी भावजींना चहा देत होते. पाणी कुठवर आलंय, असं त्यांनी विचारलं. काठावरचा खांब निम्मा बुडालाय, मी म्हटलं. ते कान देऊन ऐकू लागले.

"मग खाणीत पाणी पडल्याचा आवाज का नाही?"

मी खिडकीतून नीट पाहिलं. सांडव्यावर वाळूची पोती रचलेली होती, बांधाच्या उंचीपर्यंत, अगदी ओळीत. खाण कोरडी होती. मुंगळा एकटाच वर उभा राहून पोती थोपटत होता.

मी ते सांगितलं तसा भावजींचा चेहरा पांढरा पडला. "पोती राहू देत. आधी त्याला खाली उतरव."

दारात आलेली ताई ते ऐकून अनवाणीच धावली, मी तिच्यामागे. आम्हाला पाहून त्याने दोन्ही हात हलवले.

"वहिनी, दादाला सांग, आत थेंबसुद्धा आला नाही."

ताई उतर, उतर म्हणून ओरडत होती. आलोच, अशी त्याने खूण केली आणि एक कललेलं पोतं सरळ करायला वाकला. त्याच्या पायाखालची माती खाणीत ओघळली. मग त्या जागी नुसती नदी होती.

आम्ही परतलो तेव्हा भावजी कोपरावर उठून बसले होते. पाण्याच्या आवाजाने खोली भरली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं.

"काढली ना त्याने पोती? ऐकू येतंय मला. रागावू नकोस त्याला, माझ्यासाठीच केलं पोराने. चहा दे आधी."

ताई पलंगाच्या कडेवर बसली.

"देते," ती म्हणाली. "मला जरा बसू द्या."

आता ताई आणि भावजी दोघंही नाहीत. तिने त्यांना कोणत्या शब्दांत सांगितलं, ते मला माहीत नाही. त्या वेळी मी खिडकी लावत होते, आणि ती लागत नव्हती.