गॅस बंद कर

अर्लीननं हातमोजे चढवले, ओलेटाच्या कपाळाच्या कडेनं व्हॅसलीनचा जाड पट्टा ओढला आणि मनातल्या मनात पुन्हा एकदा हिशेब मांडला. चार वाजता हॉलिवूडहून रेकॉर्ड कंपनीची गाडी यायची होती. एकदा सह्या झाल्या की तिच्या केस करायच्या दुकानात तीन नवे ड्रायर येणार, बेसिनचा गळका नळ जाणार आणि चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या ज्या बायका गेलं वर्षभर तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होत्या, त्या तिच्या रविवारच्या टोपीची चौकशी करायला लागणार. यातलं तुला सगळ्यात जास्त काय हवंय, असं कुणी विचारलं असतं तर तिनं ड्रायर सांगितले असते. हवी होती ती टोपीची चौकशी.

तिचा मुलगा टायरस ‘कर्फ्यू’ या चौघांच्या रॅप गटात होता. दीड वर्षापूर्वी कॉम्प्टनमधल्या एका गॅरेजात, भिंतीला जुन्या गाद्या बांधून, त्यांनी पहिली कॅसेट भरली. आपल्या गल्लीबद्दल, पोलिसांबद्दल, बंदुकांबद्दल इतकं उघडं तोवर कुणी बोललं नव्हतं. रॉस्कोनं त्या कॅसेटी गाडीच्या डिकीतून विकल्या. हा रॉस्को पूर्वी डिकीतून दुसरंच काही विकायचा. पाद्रीबुवांनी एक अख्खा रविवार या पोरांच्या नावे खर्ची घातला आणि सोमवारी कॅसेटी दुप्पट खपल्या. पोलिसांनी दोन जलसे मध्येच बंद पाडले, तसं पार न्यूयॉर्कच्या पोरांनीही यांच्यासारख्या काळ्या टोप्या घातल्या.

अर्लीनची तक्रार एकच होती. कॅसेटच्या वेष्टनावर चेहरा गटातल्या कॉर्नेलचा. काळा चष्मा, हातात बंदूक, नाव ‘सार्जंट’. आईच्या धाकानं ज्यानं घरातलं झुरळसुद्धा कधी मारलं नव्हतं, तो हा सार्जंट. शब्द सगळे टायरसचे. त्यांची कामाची रीतच तशी होती. टायरस वहीत लिहायचा, ज्याचा आवाज जड तो म्हणायचा, आणि प्रत्येक गाण्यात जे काही केलं ते ‘मी’ केलं. हा मी कोण, हे विचारायचं नाही. माईकसमोर असेल तो.

“मान हलवू नकोस,” अर्लीन म्हणाली. “आणि खाजलं तरी खाजवायचं नाही. विसरली नाहीस ना?”

“वीस महिन्यांत कुणी डोक्याला हात लावला नाही,” ओलेटा म्हणाली. “सगळं विसरलेय.”

ओलेटा बुधवारीच श्रीवपोर्टहून परतली होती. तिच्या मुलाला, रँडलला, मागच्या गल्लीत गोळी लागली, सतरा वर्षांचा होता, त्यानंतर पंधरा दिवसांत ती घराला कुलूप लावून बहिणीकडे तिकडे लुइझियानाला निघून गेली. मारणारे सापडले नाहीत. शोधायला कुणी फार धावलंही नव्हतं. आता ती परत आली होती आणि आधी केस सरळ करून घ्यावेत असं तिला वाटलं, हे अर्लीनला चांगलं लक्षण वाटत होतं. तिनं केसांचा शेवटचा भाग उचलून मुळाशी क्रीम चोपडलं आणि घड्याळ पंधरा मिनिटांवर लावलं. त्यापुढे ते क्रीम केस सोडून कातडीशी बोलायला लागतं.

शेजारच्या ड्रायरच्या टोपाखालून थिओडोरा ओरडली. मोठ्या पोस्टात पत्रं निवडायची नोकरी तिची, दर शनिवारी दुकानात येऊन बसायची, आणि ड्रायरखाली बसलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

“अगं अर्लीन, माझी कवटी शिजली. गॅस बंद कर!”

अर्लीन खदखदून हसली. आरशात ओलेटाची मान एकदम ताठ झाली.

“हलू नकोस म्हटलं ना.”

“काय म्हणाली ती?”

थिओडोरानं ड्रायर वर सारला. ओलेटा, तू कुठल्या जगात होतीस, श्रीवपोर्टला काय अजून बैलगाडीनं बातम्या येतात, असं तिनं विचारलं, आणि मग स्वतःच सगळं सांगून टाकलं. टायरसच्या गाण्यातलं आहे ते. शाळेत पोरं ओरडतात, बसचा ड्रायव्हर ओरडतो, शर्टावर छापलंय, दहा डॉलरला एक. तिच्या साहेबानं एकदा आवाज चढवला तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं होतं, गॅस बंद कर. साहेबसुद्धा हसला होता.

“ऐकव की तिला,” थिओडोरा म्हणाली. “आज तरी लाव.”

एरवी अर्लीन दुकानात ती कॅसेट लावत नसे. गिऱ्हाईक सगळं चर्चचं. पण तिनं त्यावर उपाय शोधून ठेवला होता. कुठली शिवी कुठे येते ते तिला तोंडपाठ होतं, इतकं की पाद्रीबुवांना कळलं असतं तर त्यांनी तिच्यासाठीच प्रार्थना घेतली असती. आवाजाच्या बटणावर बोट ठेवून ती उभी राहायची, शिवी आली की आवाज बुडवायची, गेली की वर काढायची. मग उरायचं ते कुणालाही ऐकवण्यासारखं असायचं.

तिनं ‘मागची गल्ली’ लावलं. बोट बटणावर.

कॉर्नेलचा जड आवाज सांगू लागला. मी गाडी दुकानामागच्या गल्लीत वळवली. समोर एक पोरगा, हातात कागदी पिशवी. मी काच खाली केली. ठाप, ठाप. अर्लीननं आवाज बुडवला, वर काढला. मी खाली उतरलो, वाकून बघितलं. पोरगा मला म्हणतोय, माझ्या आईला सांग, गॅस बंद कर. आणि मी हसलो. मग ढोल, आणि चौघं एका आवाजात: गॅस बंद कर! मागे जलशातल्या शेकडो पोरांचा तोच ओरडा भरलेला. त्यात हसणंही होतं. थिओडोरानं मांडीवर ताल धरला.

गाणं संपलं. ओलेटा आरशात बघत नव्हती. बांधलेल्या कापडाखाली तिचे हात कुठे आहेत ते दिसत होतं, दोन्ही मुठी पोटाशी.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली.

अर्लीनला आनंद झाला. तिनं कॅसेट मागे फिरवली. पुन्हा बटण, पुन्हा बुडवणं, वर काढणं. दुसऱ्यांदा संपल्यावर ओलेटानं विचारलं, “हे लिहिलं कुणी?”

वर्षभर अर्लीन याच प्रश्नाची वाट बघत होती. चर्चच्या पायऱ्यांवर, किराणा दुकानात, पोस्टाच्या रांगेत कुणीतरी तो विचारावा म्हणून तिनं किती वेळा बोलणं तिकडे वळवून पाहिलं होतं. तिनं हातमोजे काढले आणि ताठ उभी राहिली.

“माझ्या टायरसनं. शब्द न् शब्द. कॉर्नेल नुसता ओरडतो. वही आहे घरी, दाखवते तुला. कुणाची मदत नाही, काही नाही.”

“राजमा होता,” ओलेटा म्हणाली.

“काय?”

“गॅसवर. सकाळी चढवून मी कामाला गेले. रँडलसाठी पाच डॉलर ठेवले, मक्याचं पीठ आण म्हणून. आले तर घरभर धूर. त्याला शिव्या घालत गॅस बंद केला मी. बंद करून वळले तर दारात पोलीस. तुम्ही सगळ्या जेवण घेऊन याल, जळकं भांडं बघाल, म्हणून मी ते त्याच रात्री कचऱ्यात टाकलं. कुणाला बोलले नाही. पोलिसांनासुद्धा नाही. बहिणीलाही नाही.”

थिओडोराचा हात मांडीवर जिथल्या तिथे राहिला. ड्रायर तिच्या डोक्यावर नुसताच घोंघावत होता.

अर्लीननं तोंड उघडलं. पोरं काहीबाही जुळवतात, योगायोग असतो, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. ते बाहेर पडण्याआधीच दारावरची घंटा वाजली आणि टायरस आत आला. सहीच्या आधी आईच्या हातून मानेवरचे केस कोरून घ्यायचे, असं ठरलं होतं. अंगात नवा काळा शर्ट, त्यावर छातीभर पांढरी अक्षरं: गॅस बंद कर.

“अर्लीनबाई, चारला लाखाची गाडी येणारे,” तो म्हणत होता, “तेव्हा जरा मोठ्या माणसासारखं वाग—”

त्याला आरशात ओलेटा दिसली. ओलेटानं आरशातच त्याच्या छातीवरचं वाचलं. आरशात अक्षरं उलटी दिसतात, तरी तिनं ती वाचली.

“मिस ओलेटा,” तो म्हणाला. शर्टावर आडवा धरायला त्याच्या हाताशी काही नव्हतं.

“बस,” ओलेटा म्हणाली.

तो बसला नाही. अर्लीननं विचारलं, “तुला कुणी सांगितलं रे ते? गॅसचं? रॉस्कोनं? कुणीतरी सांगितलं असेल ना?”

टायरसनं आईकडे पाहिलं. तिला कुठलं उत्तर हवं आहे ते त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यानं ते दिलंही असतं. पण ओलेटा खुर्चीसकट त्याच्याकडे वळली होती.

“मी नाही मारलं, मॅम,” तो म्हणाला. “गाण्यातला मी तो मी नाही. मी कोपऱ्यावर होतो. गाडी आली, त्यांना दुसराच कुणीतरी हवा होता, आणि गेली. रँडल पडला होता. मी त्याच्यापाशी बसलो.”

“किती वेळ?”

“माझ्या खिशात रॉस्कोचा माल होता. पोलिसांचे भोंगे ऐकू आले आणि मी...”

“किती वेळ ते विचारलं मी.”

“पाच मिनिटं. सहा असतील.”

“बोलत होता?”

“हो, मॅम.”

काउंटरवरचं घड्याळ खणखणायला लागलं. पंधरा मिनिटं झाली होती. अर्लीन सवयीनं पुढे झाली, ओलेटाच्या खांद्याला धरून म्हणाली की चल, आधी बेसिनला चल, मग बोलू. ओलेटानं कापडाखालून हात काढून आडवा धरला.

“भाजेल गं. आत्ता धुवायला हवं.”

“गाण्यात एकच वाक्य आहे,” ओलेटा टायरसला म्हणाली. “सहा मिनिटं तो एवढंच बोलला?”

“गॅसचं तीनदा म्हणाला.”

“आणि?”

टायरसची नजर जमिनीवर होती. तिथे मघाशी कापलेल्या कुणाच्या तरी केसांचा पुंजका होता, तो त्यानं बुटानं बाजूला सारला, परत जागेवर आणला.

“सुटे पैसे म्हणाला. डाव्या खिशात सुटे आहेत, आईचे आहेत, तिला दे.” मग कुणी विचारलेलं नसताना त्यानं जोडलं, “ते घ्यायचं होतं मला गाण्यात. तालात बसेना.”

ड्रायर बंद झाला. थिओडोरानंच केला असावा. ओलेटाच्या कपाळावरच्या व्हॅसलीनखालून एक लाल रेघ उमटायला लागली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. क्रीम इतका वेळ ठेवलं तर कुणाच्याही येतं.

“पोलिसांनी मला पिशवी दिली,” ती म्हणाली. “बूट, पट्टा, घराची किल्ली. पैसे नव्हते.”

अर्लीननं मुलाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर ती वीस महिन्यांपूर्वीची संध्याकाळ आली. टायरस उशिरा आला, जेवला नाही, खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहायला सुरुवात केली. पोरगं वाया जाता जाता वाचलं म्हणून तिनं गुडघे टेकून देवाचे आभार मानले होते.

“टायरस,” ती हळू म्हणाली. “सुटे कुठायत?”

“तीन डॉलर चाळीस सेंट होते,” तो म्हणाला. इतका बारीक आकडा आपल्याला पाठ आहे याचं त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखं दिसलं. “मी देणार होतो, मॅम. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो. मग तुम्ही गेलात.”

“कुठायत?”

“कोरी कॅसेट घेतली. पहिली. गॅरेजातली.”

पहिले पैसे रॉस्कोनं घातले, असं रॉस्को प्रत्येक वार्ताहराला सांगत आला होता. वेष्टनावर तसं छापलंही होतं.

ओलेटा उठली आणि आपली आपणच बेसिनपाशी जाऊन मान मागे टाकून बसली. अर्लीननं पाणी सोडलं. गळक्या नळाचं पाणी सरळ पडेना, तिनं तळहाताची ओंजळ करून ते मुळाशी घातलं. कानामागे दोन ठिकाणी कातडी निघाली होती. तिनं तीनदा धुतलं, टॉवेलनं टिपलं, मलम लावलं. बाहेर लांबलचक पांढरी गाडी येऊन थांबली, वेळेच्या आधीच, आणि तिचा भोंगा दोनदा वाजला. टायरस दाराशी गेला नाही. आत बसलाही नाही. शर्टाच्या अक्षरांवर दोन्ही हात बांधून तो आरशाकडे पाठ करून उभा होता.

ओलेटानं ओल्या केसांवर रुमाल बांधला, पर्स उघडली आणि काउंटरवर वीसची नोट ठेवली. अर्लीननं ती परत सारली, जोरजोरानं मान हलवली. ओलेटानं नोट पुन्हा पुढे सरकवली. शेवटी अर्लीननं ती गल्ल्यात टाकली.

केसांचे अठरा डॉलर झाले होते. या दुकानात वरचे दोन आजवर कुणी परत मागितले नव्हते. केस करणारीच्या हातासाठी ते तसेच ठेवतात, आणि ओलेटानं तर कधी तीन ठेवले होते.

भोंगा पुन्हा वाजला. ओलेटा सुट्यांसाठी हात पुढे करून उभी राहिली.