लोहाराचा हात

सकाळी सकाळी लोहाराच्या म्हातारीनं सुनेचा तांब्या भट्टीवरून भिरकावला, तो माझ्या दारात येऊन पडला. माझं सुताराचं दुकान लोहाराच्या भट्टीला लागूनच. तो विळे, कुऱ्हाडी घडवायचा, मी त्यांना मुठी नि दांडे बसवायचो. मधे एक कुडाची भिंत, तीही निम्मी कुजलेली. त्यामुळे त्या घरातलं काही माझ्यापासून लपायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मी कान झाकूनही बसायचो नाही.

"ह्या हातानं पाणी घेऊ नकोस म्हटलं होतं ना?" म्हातारी ओरडत होती.

"मग भाता कुठल्या हातानं ओढू?" सून म्हणाली.

"आजपासून तोही ओढू नकोस. गिऱ्हाईक विळा उचलायच्या आधी विचारतं, हिनं हात लावलाय का म्हणून."

वहिनीच्या, म्हणजे लोहाराच्या बायकोच्या, बोटांच्या टोकांना आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग उठले होते, दुधासारखे. वर्ष झालं असेल. म्हातारीनं ठरवून टाकलं की हा महारोग, आणि एकदा तिनं ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते बदलायचं नाही. त्या दिवशी तिनं सुनेचं अंथरूण मागच्या कोळशाच्या खोलीत टाकलं. चार वर्षांच्या नातीला सांगितलं, आईजवळ गेलीस तर तुझी बोटं झडतील. पोर लांब उभी राहून आईकडे बघायची आणि आपली बोटं मुठीत लपवायची. वहिनीला ते फार लागलं. डाग राहोत नाही तर जावोत, पोर परत मांडीवर यावी, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि लोहार? त्याचं तर गावभर कौतुक. आमचा लोहार भट्टीतला निखारा चिमटीत धरायचा. सांडशी नाही, फडकं नाही, उघड्या बोटांनी. गिऱ्हाइकाची विडी पेटवून द्यायचा आणि वर हसायचा. लांबलांबची माणसं ते बघायला यायची. मीही चार जणांना मुद्दाम घेऊन आलो होतो. आम्ही म्हणायचो, पिढीजात लोहाराचा हात आहे, आगीनंच त्याला ओळख दिलीय. एका हाताची शेवटची दोन बोटं वाकडी झाली होती, तर म्हणायचो, घण धरून धरून झाली.

वहिनी मात्र दोन वर्षांपासून सांगत होती. "अहो, तुम्हाला भाजतंय. मांस जळल्याचा वास येतो तेव्हा तुम्ही निखारा टाकता. माझ्यानंतर तुम्हाला कळतं."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणतात. इथं जळत होतं लोहाराचं आणि कळत होतं बायकोला. म्हातारीनं तिला गप्प केलं. नवऱ्याच्या हाताला नजर लावतेस का, म्हणाली.

नर्सबाई महिन्यातून एकदा यायच्या आणि माझ्याच पडवीत बसायच्या, सावली तिथंच होती. त्या खेपेला कातडीची तपासणी होती. अख्खं गाव खाजवत आलं. एकाच्या मांडीवर गोल चट्टा, कडेला लाल, मधे साफ.

"नायटा आहे. मलम लाव, आणि बरं वाटलं म्हणून चार दिवसांत सोडू नकोस. टॉवेल वेगळा ठेव."

दुसऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ. "रात्री जास्त खाजतं? घरात सगळ्यांनाच? मग ही खरूज. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, नाहीतर तुम्ही एकमेकांना परत देत बसाल." शिंप्याच्या डोक्यावर अंगठ्याएवढी चाई पडली होती, तो रडकुंडीला आला होता. त्याला म्हणाल्या, केस बहुतेक परत येतील, तोवर टोपी घाल. मी माझं काळं पडलेलं नख पुढं केलं.

"हातोडी लागली होती?"

"लागली होती."

"रक्त साकळलंय. नख वाढेल तसा डाग पुढं सरकेल. नाही सरकला तर दाखवा."

शेवटी वहिनी आली, सगळे उठून लांब झाल्यावर. नर्सबाईंनी तिचा हात सरळ आपल्या हातात घेतला. कितीतरी दिवसांत तिला कोणी शिवलं नव्हतं. तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचं टोक डागांवर टेकवत गेल्या.

"आता अंगठा. आता करंगळी," वहिनी सांगत होती. "आता तुम्ही लावलंच नाही."

"हे कोड आहे," नर्सबाई म्हणाल्या. "रंग गेलाय, बाकी काही नाही. कोणाला लागत नाही."

"हे आमच्या सासूबाईंना सांगा," वहिनी म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

दोघी भट्टीवर गेल्या. नर्सबाई दिसल्यावर लोहाराला चेव आला. त्यानं निखारा उचलला आणि म्हणाला, "बाई, ह्याला काय औषध आहे तुमच्याकडे?" बाहेरची माणसं हसली. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी घरच्यांशिवाय सगळ्यांना घालवून दिलं. माझ्या भिंतीला मात्र भोक होतं.

त्यांनी लोहाराला डोळे मिटायला लावले. त्याच्या कोपराजवळ फिकट तांबूस चट्टा होता, आम्ही समजायचो भट्टीची धग लागली. नर्सबाईंनी चट्ट्याला कापूस लावला, मग बोटांना.

"लावा की बाई," लोहार डोळे मिटून म्हणाला.

त्यांचा कापूस तीनदा लावून झाला होता.

"कुष्ठरोग आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वर्षभर गोळ्या घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की कोणाला लागत नाही. वाकलेली बोटं सरळ होतील असं मी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतास तर गोष्ट वेगळी होती. आता उरलेली वाचव, आणि आगीपासून लांब राहा."

लोहार एकदम खाली बसला. दोन वर्षांचं ऐकून वहिनी त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

नर्सबाई गोळ्या देऊन वळल्या आणि म्हातारीनं गोळ्यांचं पाकीट भट्टीत टाकलं. "माझ्या घरात महारोग नाही," ती म्हणाली. "असला तर हिनं आणलाय."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. दोन दिवसांत गावभर झालं, सुनेनं नवऱ्याला रोग लावला. कापणी तोंडावर आली होती. विळे तर हवे होते, पण ते घ्यावेत की नाही ते कळेना. माणसं भट्टीपुढं जमली. लोहार बाहेर आला, हातात निखारा.

"महारोग्याला हे जमेल का?" त्यानं विचारलं.

माणसं खूष झाली. तो निखारा धरून उभाच राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. वास माझ्यापर्यंत आला, पण कोणी नाक मुरडलं नाही. वहिनी कोळशाच्या खोलीतून धावत आली आणि त्याच्या मनगटावर फटका मारला. निखारा तिच्या पायावर पडला. ती किंचाळली.

"बघा," ती पाय धरून म्हणाली. "मला भाजलं. चांगल्या माणसाला भाजतं. ह्यांना का भाजत नाही ते विचारा."

"खोटं असेल त्यालाच आग झोंबते," म्हातारी म्हणाली.

लोकांना ते पटलं. मी शपथेवर सांगतो, लोकांनी माना डोलावल्या. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "भावजी, नर्सबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंय. सांगा ह्यांना."

भट्टी बंद पडली तर मी मुठी कशाला बसवणार, हे मला त्या क्षणी आधी सुचलं. "मी रंधा मारत होतो," मी म्हणालो. "नीट ऐकू नाही आलं." आजवर मी बरीच खोटी लाकडं सागवान म्हणून खपवलीत. त्याची लाज वाटली नाही, ह्याची वाटते.

दुसऱ्या दिवशी वहिनी बोचकं घेऊन माहेरी निघाली. लोहार पोरीला घेऊन मागच्या दारानं आला. म्हातारी विहिरीवर गेली होती.

"हिला घेऊन जा," तो म्हणाला. "माझ्याजवळ नको."

"म्हणजे तुम्हाला कळलंय."

त्यानं वाकडी बोटं मुठीत लपवली.

"मग हेच चारचौघांत म्हणा. मी जात नाही. तुमच्या गोळ्या मी बघते, भट्टी मी चालवते."

"मला नाही जमणार ते."

वहिनीनं पोरीपुढं हात केला. पोरीनं आपले हात पाठीमागे नेले. वहिनीनं जबरदस्ती केली नाही. तिनं पदराचं टोक पुढं केलं, ते पोरीनं धरलं. लंगडत लंगडत ती निघाली, पोर पदराच्या दुसऱ्या टोकाला.

पुढच्या महिन्यात नर्सबाई आल्या, पहिल्या भट्टीवर गेल्या.

"इथं कोणी आजारी नाही," म्हातारी दारातूनच म्हणाली. "होती ती गेली."

नर्सबाई माझ्याकडे आल्या. गोळ्यांची पाकिटं माझ्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, तो तुमच्याकडे रोज येतो, तुम्ही द्या. तो येतो, रोज येतो. विळे पुढं करताना आधी आपल्या बोटांकडे बघून घेतो, धरलेत की पडले ते बघायला. मग त्याची नजर फळीवर जाते. पाकिटांवर आता भुसा बसलाय. तो मागत नाही, आणि मी विळे घेऊन मुठी बसवायला लागतो.