नारळ मात्र नायलॉनला

दादरच्या कोळीवाड्यात मारुतीच्या देवळापाशी मी पायपुसणं होऊन पडलंय. पण मित्रांनो, माझा जन्म जाळ्याचा. कुशाबा कोळ्यांच्या आईने, राधाबाईंनी, तागाचा धागा मांडीवर वळून मला विणलं. मी लवकर कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात त्या मला न्हाऊ घालत, उन्हात वाळवत. "हे माझं शेंडेफळ," म्हणत.

सत्तावन्न साली घरात नायलॉनचं जाळं आलं. बाहेर मुंबईसह महाराष्ट्राच्या घोषणा घुमत होत्या आणि माझ्या जागी हे परकं येऊन बसलं! त्याला काढा नको, ऊन नको. कुशाबा येईल त्याला ते दाखवत. माझा नुसता जळफळाट.

त्या घरची रीत अशी, की जीर्ण जाळं कुंकू लावून, नारळ देऊन दर्यात सोडायचं. माझी पाळी आली, तेव्हा नेमकं देवळाला पायपुसणं हवं होतं. कुशाबांच्या बायकोने, अंबिकेने, मला कापून घट्ट गुंफलं. मान गेला, पाय आले. सुख एकच, गुरुवारचं चिंतामणीबुवांचं कीर्तन. झांजा वाजल्या की माझा धागा न धागा डोलायचा. मत्सर सोडा, बुवा सांगत. डोलणं जमे, सोडणं काही जमेना.

दोन वर्षांत नायलॉनही फाटलं. एका गुरुवारी कुशाबा त्याला कुंकू लावून, नारळ घेऊन आधी मारुतीच्या दर्शनाला आले. पाय पुसले ते माझ्यावरच!

मागून अंबिका धावत आली. "अवो, ते दर्यात सोडू नका!"

"अगो, बापजाद्यांची रीत मोडू?"

"रीत तागाची. ताग कुजून जातो. हे कुजतंय का? गेल्या साली तुटलेला तुकडा खडकात तसाच आहे. काल त्यात मेलेला जिताडा तुम्हीच दाखवलात ना? उद्या पोरांना काय वाढू, वाळू?"

खरं सांगायचं तर मला वाटत होतं, नारळ घेऊन का होईना, जाऊ दे ते एकदाचं!

कुशाबांनी नारळ मारुतीपुढे फोडला आणि जाळं अंबिकेच्या हातात दिलं. "तो तुकडाही काढून आणतो," ते म्हणाले.

अंबिकेने त्या जाळ्याची बुवांच्या पेटीसाठी झोळी विणली. "अंबिकाबाई, पेटी माझ्यापेक्षा नटली की!" बुवा हसले. आता कीर्तनात ती झोळी बुवांच्या शेजारच्या खुंटीवर असते. मी दारात.

मित्रांनो, मत्सर गेला, असं देवाच्या दारात खोटं कसं बोलू? पण न कुजणारं काही पाण्यात टाकू नका. घरी आणा, कुणा जाणत्या हातात द्या. देवळात अजून दोन खुंट्या रिकाम्या आहेत. त्यांवरही झोळ्या लागल्या तर मी आणखी जळेन. दर्यातला मासा तरी जगेल.