निचऱ्याचं चाक

आमच्या धाकटीला अख्खं जग तिच्या स्टेजवरच्या नावानं ओळखतं. घरात ती भोंगा. हे नाव वडिलांनी ठेवलं. त्यांचं नळदुरुस्तीचं दुकान होतं, वर आमच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत ही दिवसभर गळा काढायची. दूध गरम आहे म्हणून रडायची, फुंकर मारून गार केलं की गार आहे म्हणून रडायची. पुढे त्याच गळ्यावर मोठमोठी मैदानं भरायला लागली तेव्हा आई म्हणाली, "बघा, आमच्या झोपा काही फुकट गेल्या नाहीत."

दुकान आता मी चालवते. दार उघडल्यावर गिऱ्हाईक अजूनही माझ्या मागून कोणी पुरुष येतोय का ते बघतं. बघू दे. भिंतीला कान लावून गळती कुठे आहे ते मी सांगते, आणि सहसा चुकत नाही.

दोन वर्षांपूर्वी भोंगा दुकानात आली आणि पाइपांच्या खोक्यावर बसली.

"ताई, मला काचेची टाकी करून दे. मी मावेन एवढी."

"का? मासे पाळून कंटाळा आला, आता स्वतःला पाळणार?"

ती हसली नाही. "तापमान वाढतंय, बर्फ वितळतोय, समुद्र वर येतोय, सगळं गाऊन झालं. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन तस्सेच वागतात. पालथ्या घड्यावर पाणी. तर आता मीच घड्यात बसते. गाणं चालू, पाणी वर येतंय, आणि मी आतच. मग कळेल."

तिची कल्पना आणि माझे हात. दोष द्यायला तिसरा माणूस मला आजही सापडत नाही.

टाकी सुरेख झाली होती, हे सांगायला मला लाज नाही. चारी बाजूंनी जाड काच, पुरुषभर उंची, वरून उघडी. उतरायची शिडी सुटी, काचेवरून आत-बाहेर दोन्हीकडे टेकणारी, कारण आत शिडी दिसली तर समुद्र कसला. ती उतरली की शिडी काढून घ्यायची. तळसुद्धा पारदर्शक, खालून दिवे मारायचे म्हणून. त्या तळाखाली, स्टेजच्या पोटात, मी. तिथे ताठ उभं राहता येत नाही. डाव्या हाताला पंप, उजव्या हाताला निचऱ्याचं लाल चाक, अकरा फेऱ्यांचं. कानातल्या यंत्रात तिच्या मॅनेजरचा आवाज. पहिल्या कडव्याला पाणी गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला कमरेपर्यंत, तिसऱ्याला छातीपर्यंत. शेवटची ओळ ती हनुवटी वर करून म्हणायची आणि मग मी निचरा उघडायचा. पाणी खालच्या साठ्यात उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच वर. पाण्याची नासाडी करता का, असं विचारणाऱ्या पत्रकाराला तिनं माझ्याकडेच पाठवलं होतं. तो अर्धा तास पाइप ऐकून गेला.

हजारो लोक तिचा चेहरा बघायला यायचे. मला तिचे तळवे तेवढे दिसायचे.

सुरुवातीचे महिने खरंच चांगले गेले. शाळेतल्या पोरांची पत्रं यायची. एका किनाऱ्यावरच्या गावानं तिचं गाणं ऐकून नवा बांध मंजूर केला, निदान पेपरात तरी तसं छापून आलं. तिनं ते कात्रण आरशाला चिकटवलं. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला "शेंबडे" म्हणाले.

मग एकदा सर्दीत तिच्या नाकात पाणी गेलं. एवढंच झालं होतं. पण तेव्हापासून पाणी छातीला लागलं की तिचा श्वास अडायला लागला. तिनं मॅनेजरला सांगितलं, टाकी नको. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्यानं डॉक्टर आणला, श्वासाचे व्यायाम शिकवणारी बाई आणली, आणि मग हळूच म्हणाला, "अजून एकतीस कार्यक्रम आहेत. तुम्ही टाकीतून बाहेर पडलात तर लोक काय म्हणतील? हिलाच आता भीती वाटेनाशी झाली. मग समुद्र काय एवढा येत नाही."

हे तिला बरोब्बर लागलं. शाळेतल्या पोरांना आता काय सांगायचं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी टाकी.

त्यानंतरच्या तिसऱ्या कार्यक्रमात, तिसऱ्या कडव्याच्या मधेच, ती ओरडली, "थांबवा! बस्स झालं, थांबवा!" माझा हात चाकावर गेला. आणि वरून समुद्र फुटावा तसा आवाज आला, "थांबवा! थांबवा!" अख्खं मैदान ओरडत होतं. मॅनेजर माझ्या कानात किंचाळला, "चाक सोडा, ताई! ऐका, लोक काय करतायत ते ऐका!"

मी सोडलं. हे मी लपवत नाही. मी चाक सोडलं, आणि तिनं कसंबसं गाणं पुरं केलं. आठवड्याभरात 'थांबवा' छापलेले सदरे विकायला आले.

मग आम्ही दोघींनीच ठरवलं. मॅनेजरला कळू द्यायचं नाही. खरंच सहन होईना झालं की तिनं टाचेनं तळावर तीनदा ठोकायचं आणि मी निचरा उघडायचा, मग कोणी काही का म्हणेना. तिनं ठोकलं. मी उघडला. पण बुडबुड्यांच्या आवाजासाठी ड्रमवाल्यानं टाकीच्या तळाला माइक लावलेला होता, हे आम्हा दोघींच्या डोक्यातून पार गेलं होतं. तिचे तीन ठोके मैदानभर घुमले. ड्रमवाल्यानं उचलले. लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली, धम धम धम. पाणी कमरेवर आलं होतं, श्वास परत आला होता, मग बिचारी गायला लागली. दुसऱ्या दिवशी गाण्यात तीन ठोके कायमचे लिहिले गेले आणि मला ताकीद मिळाली, ठोक्यांवर चाकाला हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी मेकअपच्या खोलीत ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. पाण्यानं तळव्यांना पडलेल्या सुरकुत्या अजून गेल्या नव्हत्या.

"ताई, आता मी काय करू? जे करते त्याचं गाणं होतं."

"तू काहीच करू नकोस. मला कळेल."

"कसं?"

मी तिला छपरावरच्या टाकीची आठवण करून दिली. ती पाच वर्षांची असताना रिकाम्या प्लास्टिकच्या टाकीत आवाज घुमतो म्हणून गायला शिरली आणि वरचं झाकण पडलं. दोन तास आम्ही गल्ली पालथी घातली. जी पोरगी दूध गरम आहे म्हणून बोंबलायची तिनं आतून हूं की चूं केलं नाही. मी झाकण उघडलं तेव्हा ओठ घट्ट मिटलेले, पायाची बोटं आत वळलेली. वडील म्हणाले, "लक्षात ठेवा. भोंगा वाजतोय तोवर सगळं ठीक. भोंगा बंद पडला की समजायचं, खरी आग लागली."

तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर नऊ कार्यक्रम नीट पार पडले. दहाव्याला, शेवटच्या ओळीच्या आधी, ती गप्प झाली.

वाद्यं चालू होती. मग एकेक करून तीही थांबली. कानात मॅनेजर म्हणाला, "कोणी काही करू नका. कमाल करतेय ती." मैदान इतकं शांत होतं की पंपाची घरघर मलाच मोठी वाटायला लागली. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले असणार, कारण पाण्यातून पांढरा उजेड खाली यायला लागला. मी त्या उजेडात वर बघितलं. पायाची बोटं आत वळलेली होती.

मी पंप बंद केला आणि चाक फिरवलं. कानातलं यंत्र काढून फेकलं. अकराच्या अकरा फेरे, एरवी मी चारच उघडायची. पाणी इतक्या जोरात आलं की साठा भरून माझ्या कमरेपर्यंत आलं, तारा, दिवे, सगळं भिजलं, स्टेजवर अंधार झाला. मी रांगत बाहेर आले, शिडी लावली, आत गेले, तिला खांद्यावर घेऊन बाहेर उतरवलं. ती लाकडासारखी ताठ झाली होती. उतरताना मला वाटलं, संपलं एकदाचं. टाकी गेली, गाणं गेलं, लोक चिडतील, तिकिटं परत मागतील. मागू दे. मला इतका आनंद झाला होता की मी रडत होते.

मग टाळ्या सुरू झाल्या. अंधारात, उभं राहून, थांबेचनात.

मॅनेजर धावत आला. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं, खोटं म्हणणार नाही. "शांतता! शेवटी शांतता, आणि मग अंधार! अहो, माझी बायको घरी टीव्हीवर बघत होती, फोन करून रडतेय. हे रोज करायचं. तारा उंचावर घेऊ, साठा मोठा करू."

भोंग्याला मी टॉवेलात गुंडाळलं होतं. तिचे दात वाजत होते. त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "ताई, आता कितव्या ओळीला गप्प व्हायचं?"

"कुठल्याच नाही. मी उद्यापासून येत नाही. टाकी माझी आहे, फोडून टाकते."

"ते दुसरी करतील. आणि चाकावर दुसरं कोणीतरी बसेल." तिनं टॉवेल गळ्याशी ओढून घेतला. "त्याला माझे पाय कुठले ओळखू यायला."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा स्टेजच्या पोटात होते. पाण्याशिवाय तालीम होती. तारा वर घेतल्या होत्या, फरशी अजून ओली होती. शिडी काढून घेतल्याचा आवाज आला. संगीतकार वरून समजावत होता, "शेवटच्या ओळीआधी आठ मात्रा गप्प. मी मोजतो. आठ झाल्या की ओळ घ्यायची, की दिवे बंद. सोपं आहे."

ती गायली. मग गप्प झाली. तो मोजायला लागला.

"सहा, सात, आठ. घ्या!"

तिनं ओळ घेतली नाही.

"वा," मॅनेजर म्हणाला. "अजून थोडी ताणली तरी चालेल." कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी वर बघितलं. बोटं आत वळली होती, नखांजवळ पांढरी पडली होती. टाकीत थेंबभर पाणी नव्हतं. मी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरवायला लागले. अकरा फेरे पुरे झाले, चाक पुढे सरकेना, तरी मी जोर लावत होते.