पहिल्या लिपीतलं नाव

कंपोझिटर निवृत्तीनं चिमट्यानं अक्षराचा शेवटचा खिळा बसवला आणि जुळवलेली ओळ मंजुळाबाईंपुढे धरली. लेक नवाकोरा डॉक्टर, पिंपळगाव राजा या गावी दवाखाना काढणार. त्याची कार्डं छापायला मायलेक खामगावच्या छापखान्यात आले होते.

“इंग्रज गेले, टाइप राह्यला, माय. सायेब, वकील, ब्यांका, साऱ्यायले हाच लागे. यात सारी पहिलीच लिपी, इंग्रजीची मोठी अक्षरं. लहान अक्षर औषधालेही नाही.”

मंजुळाबाई हरखल्या. “यात माह्या लेकाचं नाव कुठी हाय?”

“हे काय, यू.” निवृत्तीनं एका खिळ्यावर बोट ठेवलं.

“बस? इतकंच?”

“आता असंच लिहितात, माय,” डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाला. “यू. एन. इंगळे.”

मंजुळाबाईंनी त्या एकाच खिळ्यावरून बोट फिरवलं. असंच म्हणे! त्यांना काय कळत नव्हतं? आधीची लेकरं पाळण्यातच गेलेली. हा झाला तेव्हा काळजावर दगड ठेवून त्यांनी त्याला उकिरड्यावर टाकला, जावेकडून उचलून आणवला, आणि यमालाही किळस यावी म्हणून नाव ठेवलं उकंडराव. शाळेत पोरं चिडवायची. तो रडत घरी यायचा आणि मंजुळाबाई चुलीपाशी त्याच्याहून जास्त रडायच्या.

“बरं केलं बापू,” त्या हळूच म्हणाल्या. “तू जगला, त्या नावाचं काम झालं. आता काहाले मिरवतं?”

डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग निवृत्तीकडे वळला.

“पूर्ण नाव जुळवा. उकंडराव.”

निवृत्तीनं पुन्हा खिळे वेचले, शाईचा रूळ फिरवला आणि पहिलं कार्ड काढलं. काय उठून दिसत होतं नाव! एकूणएक अक्षर ताठ, एका उंचीचं, काळंभोर. मंजुळाबाई बघतच राहिल्या, आणि एकदम दचकल्या. ओंगळ होतं म्हणूनच तर या नावानं लेकाला राखलं होतं.

“अगं बाई! इतकं देखणं?”

कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी रुळाला बोट लावलं आणि कार्डाच्या कोपऱ्यात काळी तीट टेकवली.

“अवं माय, खराब केलं ना कार्ड!” निवृत्ती ओरडला.

डॉक्टरनं ते कार्ड जपून खिशात ठेवलं. मग एवढा मोठा माणूस आईपुढे वाकला आणि गाल पुढे केला.

“अन् मले?”