उभी लावलेली पाटी

मी एक पाटी बोलतेय. मुलं गिरवतात ती नव्हे. त्या पाट्यांना निदान पुसून कोरं होता येतं. मी दारावरची पाटी. वरच्या अंगाला मालकाचं नाव, खाली एक आडवी खाच, खाचेच्या डाव्या टोकाला 'आहेत', उजव्या टोकाला 'नाहीत', आणि खाचेतून इकडून तिकडे सरकणारी पितळी पट्टी. पट्टी ज्या शब्दावर जाईल तो झाकला, उरलेला खरा. इतकं साधं माझं काम. एवढ्याशा कामात माणूस चुकेल असं कुणालाही वाटणार नाही. माणूस चुकलाही नाही, आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

माझा जन्म एका कचेरीत झाला. फायली ठेवायची एक मांडणी मोडली, तिच्या फळ्यांतून सुतारानं अकरा टेबलांसाठी अकरा पाट्या केल्या. साहेबांचा हुकूम असा की जागा सोडताना प्रत्येकाने पट्टी सरकवावी. दहा टेबलांवरच्या माझ्या बहिणी जन्मभर 'आहेत' सांगत राहिल्या आणि त्यांचे मालक जन्मभर चहाला गेलेले राहिले. पट्टी सरकवायचे ते एकटे आमचे नाना. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम, म्हणून कचेरीत त्यांना 'आवकजावक' म्हणत. नाना पाणी प्यायला उठले तरी मला 'नाहीत' करत. चौतीस वर्षांत त्यांची एक नोंद राहिली नाही आणि माझी एक खेप चुकली नाही. निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि मला दिलं. तिघांपैकी रोज उपयोगी पडले ती मी.

मग मी त्यांच्या घराच्या दारावर आले. गाव लहान, घर रस्त्याला लागून. दूधवाला, पोस्टमन, शेजारपाजारचे, सगळे मला वाचून पुढचं ठरवायचे. मालकीणबाई होत्या तोवर मी अधूनमधून खोटंही बोलले. विमा विकणारा कोपऱ्यावर दिसला की त्या खिडकीतून हात काढून पट्टी सरकवत आणि आत नाना श्वास रोखून बसत. पण ते खोटं वरिष्ठांच्या आदेशाने होतं, त्याचं मला काही वाटत नाही.

मालकीणबाई गेल्या. दोन वर्षं नाना एकटे राहिले. मग मुलगा न्यायला आला.

"बाबा, इथं एकटे भिंतींशी बोलणार का?"

"भिंती निदान मध्ये बोलत नाहीत," नाना म्हणाले. पण शेवटी कबूल झाले. अट एक. "तीन महिने राहून बघतो. जमलं तर राहीन. नाही जमलं तर परत येईन, आणि तेव्हा कुणी तोंड पाडायचं नाही."

टेम्पोत मला एका बादलीत उभं केलं होतं, त्यामुळे शहर मला बादलीच्या काठावरून दिसलं. शहर मोठं म्हणावं तर नाही, लहान म्हणावं तर तेही नाही. दोन उड्डाणपूल झालेले, तिसरा हवेत थांबलेला. टेम्पोवाल्याने चार ठिकाणी पत्ता विचारला. पहिला म्हणाला, "जुन्या थेटरावरून डावीकडे." दुसरा म्हणाला, "थेटर पाडून वीस वर्षं झाली, तिथं आता दवाखाना आहे. पण तुम्ही थेटरच विचारा, दवाखाना कुणाला कळणार नाही." तिसऱ्याने पिंपळाच्या झाडापाशी वळायला सांगितलं, झाड नव्हतं. चौथा स्वतःच नवा होता. तासाभराने आम्ही पोचलो ते चुकून. पुढे नानांनी या शहराबद्दल एक निरीक्षण नोंदवलं. इथला माणूस आधी म्हणतो, "आमच्याकडे सगळं मिळतं," आणि लगेच म्हणतो, "फक्त त्याच्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं."

घर तिसऱ्या मजल्यावर. नाना खाली सामान मोजत उभे होते. वर विजेचा माणूस घंटी बसवत होता, मुलाने मलाही त्याच्याच हातात दिलं. चौकट आणि घंटीचं बटण यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा, आणि मी दीड वीत लांब.

"साहेब, आडवी बसत नाही. उभी ठोकू?"

मुलगा फोनवर होता. कारखान्यात मालाचा दर्जा तपासण्याची त्याची नोकरी. प्रत्येक वस्तू चार बाजूंनी पाहिल्याशिवाय तो पास करत नाही म्हणे. "हां हां, ठोका," तो म्हणाला.

झालं. माझं डावं टोक खाली गेलं, उजवं वर.

नाना धापा टाकत वर आले आणि बघतच राहिले. "अरे, ही उभी का?"

"वाचता येते ना, बाबा?" सून म्हणाली. "मान जराशी वाकडी करायची, तेवढाच व्यायाम."

"आजोबा, पुस्तकाच्या पाठीवर नाव असतं ना, तसं झालं," नातीने समजूत काढली.

नव्या घरात पहिल्या दिवशी कुरकुर नको, म्हणून नाना गप्प बसले. मीही बसले. आता खरा घोटाळा सांगते. चौतीस वर्षं घासून माझी खाच गुळगुळीत झालेली. आडवी असताना पट्टी ठेवाल तिथे राहायची. उभी झाल्यावर ती वर सरकवली की जेमतेम तग धरायची, आणि दार आपटलं की टक्कन खाली. खाली 'आहेत', ते झाकलं जायचं. वर 'नाहीत', ते उघडं. आणि दार तर रोज आपटायचंच, जिन्यातला वारा त्याला हळू लागू देत नसे.

नाना फिरून येत, पट्टी नीट वर सरकवत, 'आहेत' झालं हे पाहत आणि आत जात. दार धाडकन लागे. पट्टी पडे. आत नाना, बाहेर मी 'नाहीत'. ओरडून सांगावं म्हटलं तर मला येतात ते दोनच शब्द, आणि त्यातलाही एक झाकलेला.

पहिल्या आठवड्यात नानांनी बाहेर पडताना मला पाहिलं आणि थबकले. "सकाळी सरकवली नव्हती वाटतं," ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो हसत. "बाबा, घरात आहात आणि पाटीवर नाहीत!" चौथ्या दिवशी तो हसला नाही. नवरा-बायको दारातच हळू आवाजात बोलले. घरातली माणसं जे आत बोलत नाहीत ते उंबऱ्यावर बोलतात. मला सगळं ऐकू येतं.

"हे रोजचं झालंय," सून म्हणाली. ती तपासण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला प्रत्येक गोष्टीचा नमुना घ्यावासा वाटतो. "कुणाला तरी दाखवूया का? या वयात विसरायला लागतात, आणि आपल्याला उशिरा कळतं."

"अगं, बाबांनी आयुष्यात एक नोंद चुकवली नाही."

"म्हणूनच म्हणते."

दाराच्या आत, जोड्यांपाशी, नाना वाकून उभे होते. त्यांनी ऐकलं. हे त्या दोघांना अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी एक वही काढली. आत शिरण्यापूर्वी माझ्यासमोर उभं राहून लिहायचे: 'सकाळी ११.१०. आलो. पट्टी सरकवली.' खाली सही. आणि संध्याकाळी बाहेर पडताना बघावं तर मी 'नाहीत'. एकदा वही, एकदा मी, असं ते किती तरी वेळ बघत राहत. वहीतलं अक्षर त्यांचं, सही त्यांची. नोंद खरी मानावी तर पाटी खोटी, पाटी खरी मानावी तर आपलाच हात आपल्याला फसवतोय. एकदा त्यांनी नातीला दारात उभं केलं. "मी काय केलं, बघितलंस?"

"पट्टी वर केलीत."

"नक्की?"

"आजोबा, तुम्ही असं का विचारता?"

"काही नाही. साक्षीदार असावा," म्हणाले आणि तिला घेऊन आत गेले. दार आपटलं. टक्. संध्याकाळी 'नाहीत' बघून नाना पायरीवर खाली बसले. त्या दिवशी फिरायला गेलेच नाहीत.

त्यात माणसांचा दुष्काळ. गावात दिवसाकाठी पाच जण तरी डोकावायचे. इथे तळमजल्यावर वजनमाप खात्यातले एक निवृत्त निरीक्षक राहतात. जन्मभर दुकानदारांच्या तागड्या तपासल्या, आता बुद्धिबळाला जोडीदार शोधतात. इमारतीखालच्या बाकावर ओळख झाली तेव्हा नाना म्हणाले होते, "या की वर. कधीही या." निरीक्षक म्हणाले, "येतोच." नानांनी त्या दिवशी पट आणला, सोंगट्या मांडल्या. तीन आठवडे त्या मांडलेल्याच होत्या.

निरीक्षक आले होते. चार वेळा. गुडघे धरत तीन मजले चढले, मान वाकडी करून मला वाचलं, "बोलावतो आणि घरी नसतो," म्हणाले आणि उतरले. पार्सलवालेही असेच. मला वाचायचे आणि पार्सल समोरच्या दारात देऊन मोकळे. समोरच्या बाई एकदा वैतागून सुनेला म्हणाल्या, "तुमचे सासरे दिवसभर असतात तरी कुठं?" त्यावरून घरात आणखी एक काळजी वाढली.

आता बाकावर नाना आणि निरीक्षक एकमेकांकडे न बघता बसायचे. नाना मनात म्हणत, शहरातली माणसं नुसती 'येतो' म्हणतात. निरीक्षक काय म्हणत ते मी वर सांगितलंच. दोघांचीही बाजू बिनचूक, आणि मधे मी. सत्तर वर्षांच्या दोन माणसांना माझ्यासारख्या लाकडाच्या तुकड्याने अबोला धरायला लावला, याची लाज वाटते.

तिसरा महिना संपत आला. एका शनिवारी सकाळी नाना गावाकडच्या गाडीचं तिकीट काढून आले. मुलाला दारातच दाखवलं. रविवारचं होतं.

"बाबा, इथं काही कमी पडलं का?"

"काही कमी नाही रे. मीच थोडा कमी पडतोय." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "गावात डोळे मिटून सगळं सापडायचं. इथं मी काय केलं आणि काय नाही, मला कळेनासं झालंय. होतं नव्हतं ते डोकंही जाण्याआधी घरी जातो."

मुलगा तोंड न पाडायची अट पाळत उभा राहिला. पाळता येत नव्हती.

दुपारी नाना खाली जाऊन दूध घेऊन आले. पट्टी सरकवली, वहीत लिहिलं, सही केली, आत गेले. त्यांच्या मागोमाग, अर्धा जिना खाली, निरीक्षक चढत होते. चुकून त्यांच्याकडे दिलेलं आमचं पार्सल काखेत, आणि चेहऱ्यावर आज सोक्षमोक्ष लावायचाच असा भाव. नानांना आत जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दार आपटलं. टक्. निरीक्षक माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मी त्यांच्या तोंडावर 'नाहीत' म्हणाले.

त्यांनी घंटी वाजवली नाही. पार्सल खाली ठेवलं, चष्मा पुसला. पट्टी वर सरकवली. थांबले. मग दारावर पंजाने जोरात थाप मारली. टक्. पुन्हा सरकवली, पुन्हा थाप. टक्. तिसऱ्यांदा. आत सगळे दचकले असणार. नानांनी दार उघडलं.

"अहो, काय झालं? आग लागली का?"

"आग नाही. वजनात खोट आहे." निरीक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही तुमची पाटी सराईत गुन्हेगार आहे. तुम्ही 'आहेत' करून आत जाता, दार आपटतं, पट्टी पडते. तीनदा तपासलं. मी चार वेळा वर येऊन परत गेलोय, महाराज! माझे गुडघे विचारा."

नाना आत गेले आणि वही घेऊन आले. पानं उलटत निरीक्षकांपुढे धरली.

"म्हणजे हे सगळं… हे बरोबर आहे?"

निरीक्षकांनी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत बोट फिरवलं. मग नानांच्या खिशातलं पेन काढून तळाशी लिहिलं: 'तपासले. नोंदी योग्य आढळल्या. दोष पाटीचा.' आणि लांबलचक, सरकारी सही केली.

सून आणि मुलगा मागे येऊन उभे होते. मुलगा मला चारी बाजूंनी पाहत होता, तीन महिने उशिरा. "बाबा, मीच उभी ठोकायला सांगितली होती," तो म्हणाला. "उद्या आडवी करून घेतो."

"आडवी बसणार नाही," नाना म्हणाले. त्यांनी खिशातून तिकीट काढलं, दोनदा, चारदा, आठदा दुमडलं. पट्टी वर सरकवली आणि खाचेत तिच्याखाली ती घडी घट्ट खोचली. मग स्वतःच दार धाडकन आपटलं. पट्टी हलली नाही.

"बाबा, ते तिकीट परत करता आलं असतं," सून म्हणाली.

"आता ते कामात आहे," नाना म्हणाले. "या निरीक्षक, सोंगट्या मांडलेल्याच आहेत."

याला दोन वर्षं झाली. तिकिटाची शाई उडाली, कागद पिवळा पडला, पण घडी पक्की आहे. आता मी सदासर्वकाळ 'आहेत'. आणि आमचे नाना? ते आता घरात सापडतील तर शपथ! सकाळी बाकावर, दुपारी तळमजल्यावर, संध्याकाळी कुणा नव्याला जुन्या थेटराचा पत्ता सांगत उभे. पाडलं तेव्हा ते या शहरात नव्हतेही. बाहेर पडताना सवयीने माझ्याकडे हात नेतात, घडी बोटांना लागते, आणि तसेच पुढे जातात. पूर्वी मी आत असलेल्या माणसाला 'नाहीत' म्हणायची, आता बाहेर असलेल्याला 'आहेत' म्हणते. यातलं खरं कोणतं धरायचं, मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, एवढंच मागणं. तिसऱ्या मजल्यावर आलात तर मान वाकडी करून मला वाचू नका. घंटी वाजवा. कुणी आलं नाही, तर तळमजल्यावर बघा. तिथल्या दारावर पाटी नाही.